पश्चिम घाट परिस्थितिविज्ञान तज्ज्ञ गट

पश्चिम घाट परिस्थितिविज्ञान तज्ज्ञ गट : पश्चिम घाटाच्या नैसर्गिक स्थितीचे मूल्यमापन करून त्याच्या रक्षणासंबंधी शासनास सल्ला देण्यासाठी भारत सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने ४ मार्च २०१० रोजी नेमलेला शास्त्रज्ञ, अध्यापक, कायदेतज्ज्ञ व अधिकारी यांचा गट. अध्यक्ष माधव धनंजय गाडगीळ यांच्या नावावरून तो महाराष्ट्रात ‘गाडगीळ समिती’ म्हणून ओळखला जातो. गटाने आपला अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी मंत्रालयास सादर केला. स्वतंत्र भारतात शास्त्रज्ञांच्या सल्लागार मंडळांनी शेकडो अहवाल दिले. परंतु ज्याच्या प्रकाशनासाठी नागरिकांना न्यायालयापर्यंत जावे लागले, ज्याचे परीक्षण करण्यासाठी दुसरा गट नेमावा लागला आणि ज्यावर गावोगावी वाद झाले, असा दुसरा अहवाल क्वचितच आढळेल. त्यामुळे पश्चिम घाटाच्या इतिहासात या गटाला जसे स्थान आहे, तसेच शासन व विज्ञान यांच्या परस्परसंबंधांच्या इतिहासातही आहे.

पूर्वपीठिका : शासनाला शास्त्रज्ञांनी सल्ला द्यावा, ही पद्धत स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारतात रुजली. १९५६ मध्ये मंत्रिमंडळाची वैज्ञानिक सल्लागार समिती स्थापन झाली. पुढे १९७१ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रविद्या समिती आणि १९८६ मध्ये पंतप्रधानांची वैज्ञानिक सल्लागार परिषद अस्तित्वात आली. या मंडळांचे विषय प्रामुख्याने अणुऊर्जा, इलेक्ट्रॉनिकी, शेती, अवकाश संशोधन व प्रयोगशाळांची उभारणी असे होते. त्यांच्या शिफारशींचा संबंध मुख्यतः शासकीय खाती व संशोधनसंस्था यांच्याशी येई. सामान्य माणसाच्या शेताच्या बांधापर्यंत तो सहसा पोहोचत नसे.

पर्यावरणाच्या प्रश्नाने या चित्रात बदल घडविला. १९७२ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण नियोजन व समन्वय समिती स्थापन झाली. त्याच दशकात केरळातील सायलेंट व्हॅली येथील नियोजित जलविद्युत् प्रकल्पावरून मोठा वाद उद्‌भवला. कुंतिपुळा नदीच्या खोऱ्यातील सदाहरित अरण्य बुडवून वीज निर्माण करावी की नाही, हा त्या वादाचा विषय होता. त्याचा निर्णय करण्यासाठी भौतिकीविज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. गाडगीळ तिचे सभासद होते. समितीच्या कामानंतर १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला व १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. शास्त्रज्ञांचा सल्ला पश्चिम घाटातील एका मोठ्या प्रकल्पास थांबवू शकतो, हे या प्रसंगाने दाखविले.

यानंतर १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा संमत झाला. विशिष्ट क्षेत्रात उद्योग व बांधकामे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारास दिला. या कायद्यान्वये महाराष्ट्रात डहाणू तालुका (१९९१), महाबळेश्वर–पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) ही संवेदनशील क्षेत्रे घोषित झाली. घाटाविषयीची लोकजागृतीही याच काळात वाढली. १९८७ च्या नोव्हेंबरात उत्तरेस नवापूर व दक्षिणेस कन्याकुमारी येथून एकाच वेळी निघालेली ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा १९८८ च्या फेब्रुवारीत गोव्यात समाप्त झाली. या चळवळीतील कार्यकर्ते २०१० च्या फेब्रुवारीत निलगिरीतील कोटगिरी येथे पुन्हा एकत्र आले असता तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश तेथे उपस्थित होते. तज्ज्ञ गटाची कल्पना या मेळाव्यातून पुढे आली.

कार्यकक्षा : गटाकडे पुढील कामे सोपविण्यात आली होती : घाटाच्या नैसर्गिक स्थितीचे मूल्यमापन करणे, १९८६ च्या कायद्याखाली संवेदनशील म्हणून घोषित करावयाची क्षेत्रे ठरविणे, राज्य सरकारे व लोक यांच्याशी विचारविनिमय करून संरक्षणाच्या शिफारशी करणे आणि पश्चिम घाट परिस्थितिविज्ञान प्राधिकरण या कायम संस्थेची रचना सुचविणे. पुढे त्यांत आणखी काही विषयांची भर घालण्यात आली. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खाणी, वीजनिर्मिती व प्रदूषक उद्योग यांची पुढील वाटचाल, गोव्यातील खाणकाम, तसेच कर्नाटकातील गुंड्या व केरळातील अतिरप्पिळ्ळी हे जलविद्युत् प्रकल्प हे ते विषय होत. मूळचे काम शास्त्रीय वर्गीकरणाचे होते. या वाढीव विषयांमुळे मात्र गटाला चालू आर्थिक हितसंबंधांविषयी स्पष्ट मत देणे भाग पडले.

रचना : गटाचे अध्यक्ष गाडगीळ (जन्म पुणे, २४ मे १९४२) हे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे पुत्र. धनंजयराव स्वतः १९६७–७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. पुणे व मुंबई येथील शिक्षणानंतर माधवरावांनी हार्व्हर्ड विद्यापीठातून गणितीय परिस्थितिविज्ञानात १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९७३ पासून ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक होते आणि तेथील परिस्थितिविज्ञान केंद्र त्यांनी उभारले. देवराया, बांबूचा वापर, जंगलावर उपजीविका करणारे समाज हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होत. देशातील पहिले जीवावरण राखीव क्षेत्र म्हणजे १९८६ मध्ये घोषित झालेले निलगिरी. त्याची आखणी त्यांच्या अभ्यासावर आधारलेली होती. जैविक विविधता कायद्याच्या (२००२) मसुद्यातही त्यांचा सहभाग होता.

इतर सभासदांत भारतीय विज्ञान संस्थेतील रमण सुकुमार (हत्तींचे अभ्यासक) व रेनी बोर्जेस, बंगलोर कृषी विद्यापीठातील के. एन. गणेशय्या, गोवा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ नंदकुमार कामत, पक्षिशास्त्रज्ञ व्ही. एस. विजयन, केरळ राज्य जैवविविधता मंडळाचे अध्यक्ष आर. व्ही. वर्मा, अर्थशास्त्रज्ञ लिजिया नोरोन्हा आणि निलगिरीतील वकील बी. जे. कृष्णन यांचा समावेश होता. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचे अध्यक्ष, तसेच अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक हे पदसिद्ध सभासद होते. मंत्रालयाचे सल्लागार जी. व्ही. सुब्रह्मण्यम् यांनी सचिव म्हणून काम पाहिले. वनस्पती, प्राणी, शेती, अर्थशास्त्र, कायदा व उपग्रह सर्वेक्षण ही अंगे गटात एकत्र आली होती. मात्र राज्य सरकारांना व घाटातील पंचायतींना गटात प्रतिनिधित्व नव्हते. अहवालाच्या विरोधकांनी या उणिवेचा पुढे बराच उपयोग करून घेतला.

कार्यपद्धती : गटाने ताप्ती नदीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंतचा सु. १,४९० किमी. लांबीचा व १,२९,०३७ चौ. किमी. क्षेत्रफळाचा प्रदेश अभ्यासासाठी घेतला. त्याची रुंदी तमिळनाडूत २१० किमी. पर्यंत आहे, तर महाराष्ट्रात ती ४८ किमी. पर्यंत कमी होते. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या सहा राज्यांतील १४२ तालुके या प्रदेशात मोडतात. अक्षांश व रेखांश यांच्या दर पाच मिनिटांना एक याप्रमाणे संपूर्ण प्रदेशाची सु. ९ × ९ किमी. चौकटींत विभागणी करण्यात आली. प्रत्येक चौकटीस प्रदेशनिष्ठ वनस्पती, दुर्मिळ सस्तन प्राणी, सदाहरित व नदीकाठची वने, उंची, उतार इ. निकषांवर गुण देण्यात आले. त्या गुणांवरून संवेदनशीलतेचे तीन स्तर निश्चित झाले. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांचा वर्ग वेगळा ठेवला गेला. हे गुणांकन प्रत्येक राज्यापुरते स्वतंत्रपणे केलेले होते, कारण उत्तरेकडील कोरडा घाट व दक्षिणेकडील दमट घाट यांना एकच माप लावल्यास महाराष्ट्र व गुजरात येथील बहुतेक भाग निकषांतून गळाला असता. संरक्षित क्षेत्रे व पहिला स्तर यांचे मिळून क्षेत्र सामान्यतः ६० टक्क्यांहून अधिक असू नये आणि तिसऱ्या स्तरासाठी सु. २५ टक्के क्षेत्र राहावे, असे सूत्रही गटाने स्वीकारले.

तज्ज्ञांकडून निबंध मागविणे, शासकीय अधिकाऱ्यांशी चर्चा, स्वयंसेवी संस्थांच्या सभा व प्रत्यक्ष पाहणी अशा मार्गांनी माहिती गोळा करण्यात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पंचवीस ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत असे ठराव केले होते. निर्बंध म्हटले की लोकांचा विरोध ठरलेलाच, या समजुतीस या ठरावांनी छेद दिला. याच्या उलट अनुभव महाबळेश्वर–पाचगणीचा होता. तेथे अधिसूचना वरून आली होती. नियमांची अंमलबजावणी अधिकाऱ्यांच्या हाती राहिली आणि स्थानिकांच्या मनात त्रास व लाचलुचपत यांविषयी कटुता साचली. डहाणूचा अनुभव या दोहोंहून वेगळा होता. तेथे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. ते तालुक्यातच सुनावण्या घेई व लोकांना आपली बाजू मांडण्याची संधी देई. १९९८ मध्ये त्याने वाढवण येथील नियोजित बंदरास मनाई केली. हा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

शिफारशी : संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानावा, परंतु सर्वत्र सारखे निर्बंध न लावता ते स्तरानुसार कमीअधिक असावेत, हे अहवालाचे मुख्य सूत्र होते. पहिल्या दोन स्तरांत खाणींना नवी परवानगी देऊ नये व पहिल्या स्तरातील चालू खाणी टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात. या दोन स्तरांत अतिप्रदूषक उद्योग नव्याने येऊ देऊ नयेत. पहिल्या स्तरात पाणी साठविणारी मोठी धरणे व औष्णिक वीजकेंद्रे बांधू नयेत. घाटात नवी गिरिस्थाने व विशेष आर्थिक क्षेत्रे निर्माण करू नयेत, या त्यांतील प्रमुख शिफारशी होत. गुंड्या व अतिरप्पिळ्ळी या दोन्ही प्रकल्पांना परवानगी नाकारावी, असे मत गटाने दिले. शेतीत रासायनिक कीटकनाशकांचा वापर काही वर्षांत थांबवावा आणि जनुकीय परिवर्तित वाणे आणू नयेत, असेही सुचविले.

निर्बंधांबरोबरच प्रोत्साहनाचाही विचार अहवालात होता. जमिनीत सेंद्रिय कर्ब टिकवून धरणारा किंवा देवराई राखणारा शेतकरी समाजाची सेवा करतो. त्याला तिचा मोबदला मिळावा, असे त्यात म्हटले आहे. अंमलबजावणीसाठी केंद्रीय, राज्य व जिल्हा अशा तीन पातळ्यांवरील संस्था सुचविल्या होत्या. गटाने आखलेले स्तर मात्र प्राथमिक स्वरूपाचे मानावयाचे होते. अंतिम सीमा व नियम ग्रामसभांपासून वर चर्चा होऊन ठरावयाचे होते. तज्ज्ञांनी आपल्याच निष्कर्षांवर ग्रामसभेचा अधिकार मान्य करणे हे सल्लागार मंडळांच्या परंपरेत नवीन होते. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी १९९२ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, जैविक विविधता कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांचा आधार त्यास होता.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग : महाराष्ट्राच्या दृष्टीने अहवालातील हा भाग महत्त्वाचा आहे. दक्षिण सिंधुदुर्गातील लोह व बॉक्साइट खाणी आणि किनाऱ्यावरील नियोजित वीजकेंद्रे यांचा त्यात विचार केला आहे. खेड तालुक्यातील लोटे येथील रासायनिक उद्योगांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतील मासेमारीवर झालेले परिणामही गटाने नोंदविले. त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट गटाच्या निदर्शनास आली. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस कायद्याखालील जमावबंदीचे आदेश १९१ दिवस लागू होते. प्रदूषणाचे मोजमाप करण्यासाठी गेलेल्या शास्त्रज्ञांनी पोलिसी आदेशांचे दिवस मोजावेत, हे प्रथमदर्शनी विषयांतर वाटेल. परंतु प्रदूषण-नियंत्रणाचे कायदे कागदोपत्री पुरेसे असूनही ते निष्प्रभ का ठरतात, या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या तक्रारींना मिळणाऱ्या वागणुकीत आहे, असे गटाचे प्रतिपादन होते. ‘विकास’ व ‘संरक्षण’ ही दोन्ही कामे लोकांना वगळून चालतात आणि म्हणून दोन्ही फसतात, हा अहवालाचा गाभा येथे स्पष्ट दिसतो.

अहवालाचे प्रकाशन : अहवाल सादर होण्यापूर्वी जुलै २०११ मध्ये रमेश यांच्याकडील खाते बदलले व जयंती नटराजन पर्यावरणमंत्री झाल्या. मंत्रालयाने अहवाल प्रसिद्ध केला नाही. माहितीच्या अधिकाराखाली केरळातील एका नागरिकाने त्याची प्रत मागितली असता ती नाकारण्यात आली. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. निर्णय घेतला जात असताना तज्ज्ञांचा अहवाल लोकांसमोर असला, तरच लोकांना त्या निर्णयात भाग घेता येतो, ही त्यामागील भूमिका होती. मंत्रालयाने या आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने १७ मे २०१२ रोजी मंत्रालयाची याचिका फेटाळली. २३ मे २०१२ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. त्याला मंत्रालयाने टीप जोडली होती : अहवाल औपचारिक रीत्या स्वीकारलेला नसून त्याची छाननी चालू आहे.

सल्लागार मंडळाच्या अहवालावर मालकी कोणाची, हा प्रश्न या प्रकरणात प्रथमच एवढ्या स्पष्टपणे पुढे आला. नेमणूक शासनाने केलेली व खर्चही शासनाने केलेला. म्हणून अहवाल शासनाचा, असे प्रशासनाचे म्हणणे. उलटपक्षी, खर्च जनतेचा व परिणामही जनतेवर. म्हणून अहवाल जनतेचा, असे आयोगाचे म्हणणे. न्यायालयाने दुसरी बाजू ग्राह्य धरली.

प्रतिक्रिया : नऊ महिन्यांच्या या विलंबाचे परिणाम दूरगामी झाले. अहवाल इंग्रजीत होता व त्याचे दोन भाग मोठे होते. तो वाचनात येण्याआधीच त्याविषयीच्या अफवा घाटात पोहोचल्या होत्या. शेतकऱ्यांना उठविले जाणार, घर बांधता येणार नाही, गुरे पाळता येणार नाहीत अशा समजुती पसरल्या. अहवालात कोठेही विस्थापनाची शिफारस नव्हती. प्रादेशिक भाषांत भाषांतर करून तो प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावा, अशी मागणी गाडगीळ यांनी वारंवार केली. सहाही राज्यांच्या सरकारांनी कमीअधिक प्रमाणात विरोध नोंदविला. केरळातील इडुक्की व वायनाड जिल्ह्यांत राजकीय पक्ष, चर्च व मळेवाल्यांच्या संघटना यांच्या पाठिंब्याने हरताळ झाले. महाराष्ट्रात खाणी, वीजप्रकल्प व पर्यटन यांस बाधा येईल, असा आक्षेप प्रामुख्याने घेतला गेला.

सर्वच आक्षेप हितसंबंधांतून आलेले नव्हते. नऊ किमी.ची चौकट शेत, गाव व रान यांत फरक करण्यास फार मोठी होती. तालुका हा निर्बंधांचा घटक धरल्यामुळे एकाच तालुक्यातील सपाट शेतजमीन व घनदाट अरण्य यांना सारखा नियम लागू होण्याची शक्यता होती. या उणिवा ग्रामसभांच्या चर्चेतून दूर होतील अशी गटाची अपेक्षा होती. तथापि ती चर्चाच झाली नाही.

उच्चस्तरीय कार्यगट : १७ ऑगस्ट २०१२ रोजी मंत्रालयाने अवकाशशास्त्रज्ञ व नियोजन आयोगाचे तत्कालीन सभासद के. कस्तुरीरंगन (१९४०–२०२५) यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला. त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू, अर्थशास्त्रज्ञ कांचन चोप्रा, पर्यावरण-अभ्यासक सुनीता नारायण प्रभृती होते. या गटाने १५ एप्रिल २०१३ रोजी अहवाल दिला. त्याने घाटाची व्याप्ती १,६४,२८० चौ. किमी. व १८८ तालुके इतकी धरली. उपग्रहचित्रांच्या साहाय्याने अधिक सूक्ष्म नकाशे तयार करून त्याने ‘नैसर्गिक’ व ‘सांस्कृतिक’ भूप्रदेश वेगळे केले. शेते, मळे व वस्त्या यांचा सांस्कृतिक प्रदेश वगळून ५९,९४० चौ. किमी. म्हणजे सु. ३७ टक्के क्षेत्र त्याने संवेदनशील ठरविले. त्यात ४,१५६ गावे येत होती. तालुक्याऐवजी गाव हा घटक धरला गेला. खाणी, अतिप्रदूषक उद्योग, औष्णिक वीजकेंद्रे व मोठ्या नगरवसाहती यांना या क्षेत्रात बंदी सुचविली. जलविद्युत् प्रकल्पांना मात्र अटींवर वाट मोकळी ठेवली.

मे २०१३ मध्ये गाडगीळ यांनी कस्तुरीरंगन यांना जाहीर पत्र लिहून दोन हरकती घेतल्या. माणसाचा वावर असलेला प्रदेश संरक्षणातून वगळला, तर डोंगरमाथ्यावरील वने व खालील ओढे-नद्या यांचा संबंध तुटेल, ही पहिली. आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना स्थान नाकारल्याने घटनादुरुस्तीच्या तत्त्वास बाध येतो, ही दुसरी. दोन्ही गट नामांकित शास्त्रज्ञांचे होते व उपलब्ध माहितीही बव्हंशी समान होती. त्यांच्यातील मतभेद आकडेवारीचा कमी व निर्णय कोणी घ्यावा याविषयीचा अधिक होता. असा प्रश्न केवळ शास्त्रीय पुराव्याने सुटत नाही.

नंतरच्या घडामोडी : केंद्र सरकारने कस्तुरीरंगन गटाचा अहवाल आधार मानला. १३ नोव्हेंबर २०१३ रोजी कायद्यान्वये निर्देश काढण्यात आले आणि १० मार्च २०१४ रोजी पहिली मसुदा-अधिसूचना प्रसिद्ध झाली. केरळाच्या मागणीनुसार तीत क्षेत्र ५६,८२५ चौ. किमी. पर्यंत कमी केले होते. त्यांपैकी १७,३४० चौ. किमी. महाराष्ट्रातील होते. राज्यांची सहमती न झाल्याने अंतिम अधिसूचना विहित मुदतीत निघाली नाही व २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि ३१ जुलै २०२४ असे नवे मसुदे काढावे लागले. दरम्यान २०१८ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मसुद्यातील क्षेत्र कमी करण्यास मनाई केली. १ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे आहेत.

याच काळात घाटात मोठ्या दरडी कोसळल्या. पुणे जिल्ह्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. रायगड जिल्ह्यातील तळीये (जुलै २०२१) व इर्शाळवाडी (जुलै २०२३) आणि केरळातील वायनाड (३० जुलै २०२४) येथेही जीवितहानी झाली. वायनाडमधील आपद्‌ग्रस्त गावे ज्या वैत्तिरी तालुक्यात होती, तो तज्ज्ञ गटाने पहिल्या स्तरात घातलेला होता. अतिवृष्टी, उतार, मातीची जाडी व जमिनीचा वापर अशी अनेक कारणे दरडींमागे असतात. एखादी शिफारस अंमलात आली असती तर अमुक दुर्घटना टळली असती, असे निश्चयाने सांगता येत नाही. तथापि दर दुर्घटनेनंतर या अहवालाची आठवण काढली गेली व तो पुन्हा वाचला गेला.

ठाणे जिल्हा : घाटाचा प्रश्न केवळ घाटात राहणाऱ्यांचा नाही, हे ठाणे जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजते. जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी व उतारावर वसलेले आहेत. खाडीकाठचा कळवा, ठाणे शहर, कल्याण व डोंबिवली हा पश्चिमेकडील दाट वस्तीचा व कारखान्यांचा पट्टा होय. शहापूर तालुक्यातील भातसा धरण मुंबई व ठाणे या शहरांस पाणी पुरविते. बदलापूरजवळील बारवी धरण व उल्हास नदी यांवर कल्याण–डोंबिवली आणि ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा अवलंबून आहे. या सर्व प्रवाहांचे उगम घाटात किंवा त्याच्या फाट्यांत आहेत. निर्बंध सोसावयाचे शहापूर–मुरबाडच्या गावांनी आणि पाण्याचा लाभ घ्यावयाचा कळवा–ठाण्याच्या वस्तीने, अशी ही विभागणी आहे. मोबदल्याची जी कल्पना तज्ज्ञ गटाने मांडली, तिचे कारण अशा विषम विभागणीत आहे. परंतु चर्चा खाणमालक व डोंगरातील शेतकरी यांच्यापुरतीच राहिली. पाणी पिणारी शहरे तीत पक्षकार म्हणून आलीच नाहीत.

मूल्यमापन : सायलेंट व्हॅलीच्या वेळी एका प्रकल्पाविषयी एका समितीने सल्ला दिला व तो मानला गेला. पश्चिम घाट तज्ज्ञ गटापुढे सहा राज्यांतील जमिनीच्या वापराचा प्रश्न होता, आणि तेथे तीच पद्धत अपुरी पडली. सल्लागार मंडळास आज्ञा करण्याचा अधिकार नसतो. कारणे उघडपणे मांडणे एवढेच सामर्थ्य त्याच्यापाशी असते. अहवाल मंत्रालयाच्या कपाटात राहिला तेव्हा गटाचे हे सामर्थ्य हिरावले गेले, आणि तो प्रसिद्ध होऊनही लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे न गेल्याने ते पुरतेपणी परत मिळाले नाही. गटाने सुचविलेले प्राधिकरण स्थापन झाले नाही. असे असले, तरी संवेदनशील क्षेत्रे ठरविण्याची उघड व तपासता येण्याजोगी पद्धत, ग्रामसभेस अंतिम स्थान देण्याचे तत्त्व आणि तज्ज्ञांचा अहवाल नागरिकांस उपलब्ध असला पाहिजे हा न्यायालयीन दंडक, या तीन गोष्टी या गटाच्या कार्यातून निष्पन्न झाल्या. यांपैकी तिसरी गोष्ट गटाच्या कार्यकक्षेत नव्हती. परंतु पुढील काळातील प्रत्येक सल्लागार मंडळाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची होय.